पोटखराब्यातील एक रात्र

माननीय पर्यटनमंत्री,
राजस्थान राज्य, जयपूर यांसी



ज्या मनुष्याने सरकारी दफ्तरात तेहतीस वर्षे घालविली, त्याला अर्ज कसा लिहावा हे कोणी शिकवावे लागत नाही. विषय, संदर्भ, मागणी आणि खाली तारखेसह सही एवढ्या चौकटीत त्याला कोणतेही गाऱ्हाणे बसवून दाखविता येते. तरीही आज मी आपल्याला अर्ज न करता हे खुले पत्र लिहीत आहे, आणि तेही मराठीत, याचे कारण असे की, जे मला सांगावयाचे आहे त्यातील निम्मा दोष आमच्याच लोकांचा आहे. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर येथून कुटुंबेच्या कुटुंबे जैसलमेरच्या वाटेला लागतात. तेथील बाजारातला दुकानदार ‘या, बसा, बघा तर खरं’ असे म्हणून आमचे स्वागत करू शकतो, इतका आमचा तेथे राबता वाढला आहे. आणि या मंडळींच्या मागण्या जोवर बदलत नाहीत, तोवर जयपुराहून निघालेला कोणताही हुकूम बासनातच बांधून राहील, अशी माझी नोकरीतील अनुभवाने झालेली खात्री आहे. म्हणून पत्र आपल्या नावे असले तरी त्याची एक नक्कल आमच्या लोकांना रवाना केली आहे, असे समजावे.

मी सोलापूर जिल्ह्यातला, तलाठी म्हणून नोकरीस लागून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. गेल्या जानेवारीत, पौषातील अमावास्या दोन दिवसांवर आली असता, चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही उभयता असे पाच जण जैसलमेरास गेलो. रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसविलेले ते नगर, तो पिवळ्या दगडाचा किल्ला आणि त्या किल्ल्याच्या पोटात अद्यापि नांदत असलेली वस्ती यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्यात मी भर घालीत नाही. मला सांगावयाचे आहे ते शहराच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या सम येथील वाळूच्या टेकड्यांविषयी, आणि तेथील एका तंबूंच्या मुक्कामात आम्ही काढलेल्या एका रात्रीविषयी. त्या मुक्कामाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे तेथे घडले ते आसपासच्या कोणत्याही मुक्कामात त्या रात्री घडत होते, आणि एकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

चिरंजीवांच्या हाती आलेल्या पावतीवर त्या मुक्कामात मिळावयाच्या गोष्टींची अनुक्रमांकांसह यादी होती: तिलक लावून स्वागत, चहा व भजी, उंटसवारी, जीप सफारी, वाळूवर चालणारी चार चाकांची मोटारसायकल, ज्यांना हवे त्यांना पाठीला पंखा बांधून आकाशात उडण्याची सोय, सूर्यास्तदर्शन, लोकनृत्य, शेकोटी, दाल-बाटी-चूरम्याचे भोजन, आणि शेवटी डीजे. सूर्यालासुद्धा आपल्या मावळण्याबद्दल त्या यादीत एक अनुक्रमांक मिळाला होता. पावतीच्या माथ्यावर ‘एक रात्र, दोन दिवस’ असे ठळक छापले होते. परंतु सबंध यादी वरपासून खालपर्यंत वाचून पाहिली तेव्हा, ज्या एका वस्तूसाठी मनुष्याने वाळवंटात मुक्काम करावा, ती रात्र मात्र त्या यादीत कोठेही नव्हती.

आमच्या भागात ‘छावणी’ हा शब्द उच्चारला म्हणजे डोळ्यांपुढे सैन्याचा तळ उभा राहत नाही. उभी राहतात ती दुष्काळात चाऱ्यासाठी दावणीला आणून बांधलेली जनावरे, त्यांच्या शेजारी पाल ठोकून महिनोन् महिने राहिलेली माणसे आणि टँकरची वाट पाहणारी घागरींची रांग. तेव्हा ओळीने ठोकलेले ते शुभ्र तंबू, त्यांच्यापुढच्या सिमेंटच्या पायवाटा आणि आतील संडास-न्हाणीची सोय पाहून मी किंचित बावरलो, हे कबूल केले पाहिजे. ज्या मुलखात वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, म्हणजे आमच्या अवर्षणग्रस्त सोलापुराच्या निम्म्याहूनही कमी पडतो, तेथे कोणी विचारल्याशिवाय प्रत्येक तंबूत दोन बादल्या गरम पाणी आणून ठेवले जात होते. सौभाग्यवतींनी त्यातील एक बादली परत पाठविली, तेव्हा पाणी आणणारा मुलगा काही चुकले की काय अशा नजरेने आमच्याकडे पाहू लागला.

जीप सफारीविषयी थोडक्यात सांगतो. वीस मिनिटे आम्ही वाळूच्या चढउतारांवरून आदळत होतो, सूनबाई डोळे मिटून बसल्या होत्या, नातू आनंदाने ओरडत होता, आणि उतरल्यावर माझ्या कमरेने पुढचे दोन दिवस त्या वीस मिनिटांचा हिशेब मागितला.

उंटाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर, त्यामुळे बसलेला मनुष्य प्रथम पुढे कलंडतो, आणि आता आपण त्याच्या मानेवरून खाली जाणार असे वाटते न वाटते तोच पुढचे पाय उभे राहून तो सावरला जातो. या एका झोक्यात माणसाची सारी प्रतिष्ठा उतरते. आमचा उंटवाला साठीच्या घरातला होता. माझ्या नातवाला त्याने उंटाच्या तोंडाजवळ उभे केले आणि पापणीच्या केसांची दुहेरी झालर दाखविली. डोळ्यात वाळू गेली तर आडवा सरकणारा आतला पडदा, इच्छेनुसार मिटता येणाऱ्या नाकपुड्या आणि तळव्याची ती रुंद मऊ गादी, जी वाळूवर पसरते आणि म्हणून वाळूत रुतत नाही, हे सर्व त्याने एखाद्या शिक्षकाच्या धिमेपणाने समजावून सांगितले. वडिलांच्या वेळी घरी चाळीस उंट होते, आता हा एकच, असेही तो सहज बोलून गेला; त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. घरी आल्यावर मी आकडे पाहिले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, ते २०१९ च्या गणनेत अडीच लाखांवर आले. आपल्या राज्याने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा मान दिला, तो त्याला मिळावयासच हवा होता. परंतु ज्याच्या चराईच्या जागा आटत चालल्या आणि ज्याचे ओझे वाहण्याचे काम ट्रॅक्टरने व जीपगाडीने नेले, त्या जनावराला मान हा चारा म्हणून घालता येत नाही. समच्या टेकड्यांवर एका रांगेत बसलेल्या उंटांच्या पुढून जेव्हा जीपगाड्या धुरळा उडवीत जात होत्या, तेव्हा त्यांतील एकही उंट मान वळवून पाहत नव्हता.

सूर्यास्त झाला, आणि टाळ्याही पडल्या. नंतर अंगणात मांडलेल्या गाद्यांवर सर्व मंडळी बसली, मध्ये शेकोटी पेटली, आणि एका बाजूच्या चौथऱ्यावर मांगणियार गवयांचा एक ताफा येऊन बसला. यांच्याविषयी आमच्या लोकांना फार थोडे ठाऊक असते, म्हणून दोन ओळी लिहितो. हे धर्माने मुसलमान, पण पिढ्यानपिढ्या यांचे यजमान बहुधा राजपूत व इतर हिंदू; यजमानाच्या घरचे जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या गाण्यावाचून पुरे होत नाहीत, आणि यजमानाच्या कुळाची वंशावळ जी आमच्याकडे वतनाच्या कागदात सापडावी, ती यांच्या तोंडी असते. कृष्णाची आणि देवीची गाणी हे ज्या अधिकाराने गातात, तो अधिकार त्यांना कोणी सनदेने दिलेला नाही. कोमल कोठारी यांनी १९६० मध्ये विजयदान देथा यांच्यासह बोरुंदा या गावी रूपायन संस्थान स्थापन केले आणि पुढचे सारे आयुष्य या गवयांच्या विद्येची नोंद करण्यात वेचले, म्हणून आज जग या गवयांना ओळखते. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच परंपरेला मिळाली.

त्या ताफ्यात एक वृद्ध कमायचा घेऊन बसले होते. आंब्याच्या लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेले ते गोल पोटाचे वाद्य, त्यावर ताणलेले बकऱ्याचे चामडे, आतड्याच्या जाड तारा आणि तो लांब वक्र गज मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो, पण ऐकू मात्र शकत नव्हतो. कारण ध्वनिक्षेपकातून ढोलक आणि पेटी यांचाच कल्लोळ येत होता, आणि कमायच्याचा स्वर त्याच्या तळाशी कोठेतरी बुडाला होता. तीन गाणी झाली. कालबेलिया मुली नाचल्या. ज्या नृत्याला २०१० मध्ये युनेस्कोने मानवतेच्या वारशात स्थान दिले, ते नृत्य दहा मिनिटांत आटोपून त्यांना प्रेक्षकांतील पुरुषांना हात धरून नाचावयास उठविण्याचे काम करावे लागले. नंतर एका निवेदकाने ‘अब असली धमाल’ अशी घोषणा केली, गवई आपली वाद्ये कापडात गुंडाळून उठले, चारी कोपऱ्यांतले झगझगीत दिवे लागले, हिरव्या-तांबड्या किरणांच्या तलवारी आकाशात फिरू लागल्या, आणि डीजे सुरू झाला.

साडेदहा वाजले, अकरा वाजले. मी व्यवस्थापकाकडे गेलो आणि, जन्मभर नियमांचे पुस्तक हाताळले असल्यामुळे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही हे त्याला नम्रपणे सांगितले. तो सुशिक्षित आणि सालस तरुण होता. त्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, मला बसावयास खुर्ची दिली आणि म्हणाला, ‘बाबूजी, बंद करतो, पण ते पाहा, तिकडचा गट आणखी एक तास मागतो आहे, आणि मी नाही म्हटले तर उद्या ते शेजारच्या मुक्कामात जातील.’ मी त्याने दाखविलेल्या दिशेला पाहिले. तो गट महाराष्ट्रातला होता. आमच्या गणेशोत्सवात वाजतात तीच गाणी ते मागत होते, आणि ती लागताच, हजारभर किलोमीटर प्रवास करून ज्यापासून दूर आलो तेच येथे सापडल्याच्या आनंदात, ते नाचत होते. मी काही न बोलता परत आलो. आपल्याला लिहावयाच्या पत्राचा निम्मा मजकूर मला तेथे मिळाला.

पाऊण वाजता जनित्र थांबले. आवाज गेला आणि त्याच क्षणी दिवेही गेले. त्यानंतरच्या ज्या दोन घटिका, त्यांच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

प्रथम जाणवली ती थंडी. वाळवंटाची हवा कोरडी, तिच्यात बाष्प नाही आणि वर ढग नाही; त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू आपली सारी उष्णता आकाशाला देऊन टाकते, आणि दुपारी ज्या वाळूवर अनवाणी चालताना ऊब लागली होती, तीच मध्यरात्री विहिरीच्या कठड्यासारखी गार लागते. शेकोटीत निखारे उरले होते. त्यांच्याजवळ ते कमायचावाले वृद्ध, शहराकडे परतणाऱ्या गाडीची वाट पाहत, घोंगडीत बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि आपल्याला ऐकू आले नाही, एवढेच म्हणालो. त्यांनी कापड सोडले, निखाऱ्यांवर चामडे थोडे शेकले, आणि कोणत्याही यंत्राची मध्यस्थी न घेता वाजवावयास प्रारंभ केला. तो स्वर सारंगीसारखा गोड नाही. त्यात एक खरखर आहे, घसा बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाने जवळ घेऊन बोलावे तशी. आणि पोट मोठे असल्यामुळे तो स्वर संपल्यावरही लाकडात काही काळ राहतो. मांड रागातील एक आलाप त्यांनी पुष्कळ वेळ घोळविला. आम्ही ऐकणारे तिघे होतो: मी, उंटवाला आणि झोपेतून उठवून आणलेला माझा नातू.

त्यांची गाडी आली आणि ते गेले. उंटवाल्याने आम्हा आजोबा-नातवाला तंबूंच्या ओळीपलीकडे, एका टेकडीच्या आडोशाला नेऊन उभे केले. सोलापुरात लहानपणी गच्चीवर निजताना जेवढे आकाश मी पाहिले होते, तेवढे आकाश मी पन्नास वर्षांनी पुन्हा पाहिले. मृग पश्चिमेकडे कलला होता, त्याच्या मागे व्याध निळसर जळत होता, दक्षिणेला क्षितिजाशी टेकलेला अगस्त्य होता, आणि ईशान्येकडून सप्तर्षी वर चढत होते. नातवाला मी ध्रुव दाखविला आणि हात ताठ लांबवून मूठ धरावयास सांगितली. आपल्या घरच्या गच्चीवरून ध्रुव जेथे दिसतो, त्याहून येथे तो जवळजवळ एक मूठ उंच आहे, कारण आपण पृथ्वीच्या पाठीवर नऊ अंश उत्तरेला आलो आहोत, हे त्याला सांगितले. त्याने तीन वेळा मूठ धरून पाहिली. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश हा शब्द त्याने परीक्षेपुरता पाठ केला होता. तो त्याला त्या रात्री स्वतःच्या मुठीत सापडला. साऱ्या यादीतील एकाही अनुक्रमांकाला एक पैसा न देता मिळालेली ही गोष्ट होती, आणि ती मिळण्यासाठी जनित्र बंद पडावे लागले.

सकाळी सूर्य आमच्याकडल्यापेक्षा अर्ध्या तासाने उशिरा उगवला. उजाडता उजाडता उंटवाला पुन्हा आला आणि म्हणाला, ‘जीप निघायच्या आत चला.’ रात्रभर वाऱ्याने टेकड्यांवर बारीक लाटांची नवी घडी घातली होती, आणि त्या कोऱ्या पृष्ठावर रात्रीची रोजकीर्द लिहिलेली होती. एकामागे एक, दोरी लावल्यासारखी सरळ गेलेली पावले खोकडाची. जोडीजोडीने उड्या मारीत फोगाच्या झुडुपाखालच्या बिळापर्यंत गेलेली ठिपक्यांची रेघ वाळवंटी उंदराची. दोन्ही बाजूंना बारीक टाके घातलेली शिवण म्हणजे काळ्या भुंगेऱ्याचा माग. आणि एके ठिकाणी उंदराची रेघ मध्येच संपलेली, तिच्या दोहो बाजूंना वाळूवर पंखांचा हलका फटकारा. तेथे पहाटेपूर्वी घुबडाने आपले भक्ष्य उचलले होते. सारा पंचनामा समोर होता. साक्षीदारांची गरज नव्हती. आम्ही तो वाचीत असतानाच पहिली जीपगाडी आली, ‘सूर्योदय सफारी’ची मंडळी हात हलवीत गेली, आणि मागे दोन रुंद चाकोऱ्यांखेरीज काही उरले नाही.

आता मी माझी स्वतःची कैफियत देतो, कारण ती दिल्यावाचून मला कोणाला काही सांगण्याचा अधिकार पोहोचत नाही. आमच्या महसुली भाषेत ‘पोटखराबा’ असा एक शब्द आहे. गटाच्या क्षेत्रातील जो भाग लागवडीस अयोग्य, तो मोजून वजा करावयाचा, त्यावर आकार बसवावयाचा नाही, आणि सातबाऱ्यावर त्याच्यापुढे पोटखराबा असे लिहावयाचे. उत्तर सोलापूर तालुक्यात तलाठी असताना मी हा शब्द शेकडो वेळा लिहिला. त्याच तालुक्यात नन्नज हे गाव आहे, आणि त्याच्या भोवतालच्या खुरट्या गवताच्या माळरानावर त्या काळी माळढोक दिसत असे. मनुष्याच्या कमरेला लागेल एवढा उंच, वजनाने पंधरा किलोपर्यंत भरणारा तो पक्षी, पांढरी मान ताठ करून, काळी टोपी घातलेल्या पोक्त पाटलासारखा माळावरून चाललेला मी पीकपाहणीच्या फेरीत कितीदा तरी पाहिला आहे. १९७९ मध्ये त्याच्यासाठी तेथे अभयारण्य झाले. परंतु माळ हा माळढोकाचे घर आहे ही गोष्ट ना शेतकऱ्याच्या मनात उतरली, ना माझ्या. तो वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर, हे मला निवृत्तीनंतर कळले. ज्या जागेला आम्ही रिकामी म्हणून लिहिले, ती रिकामीच समजून कोणी नांगरली, कोणी खणली, कोणी तिच्यावरून तारा नेल्या, आणि मग ती खरोखरच रिकामी झाली. माझ्या हातची नोंद खोटी होती. ती खरी व्हावयास चाळीस वर्षे लागली.

तोच पक्षी आपल्याकडे गोडावण या नावाने १९८१ पासून राज्यपक्षी आहे. त्याचा शेवटचा मोठा आश्रय म्हणजे १९८० मध्ये घोषित झालेले, जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत तीन हजार एकशे बासष्ट चौरस किलोमीटरांवर पसरलेले मरु राष्ट्रीय उद्यान, आणि आमचे तंबू ठोकलेले होते ते त्याच्याच परिसरात. आता हे पक्षी साऱ्या जगातील रानांत दीडशेच्या आसपासच उरले आहेत. त्यांच्या जिवावर उठलेल्या विजेच्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सम येथेच त्यांची पिल्ले मानवी देखरेखीखाली वाढविण्याचे केंद्र चालले आहे, आणि तेथील मंडळी जे करीत आहेत त्यापुढे मी हात जोडतो. परंतु एकीकडे अंडे उबविण्याच्या यंत्राजवळ माणसे पावले न वाजविता चालत असावीत आणि त्याच मुलखात रात्री बारा वाजता डीजे चालू असावा, हे पाहून मला माझ्या सातबाऱ्यावरील शब्द आठवला. वाळवंट ही रिकामी जागा आहे, तेथे आवाज केला तर कोणाची झोपमोड होत नाही, दिवे लावले तर कोणाचा अंधार बिघडत नाही, चाके फिरविली तर काही मोडत नाही, हीच ती पोटखराब्याची समजूत आहे, आणि तिच्या पायी आम्ही एक पक्षी घालवून बसलो आहोत.

वाळवंट रिकामे नसते, हे आपल्या राज्यातील लोकांना कोणी शिकवावयास नको होते. ज्यांनी पालीवालांप्रमाणे खडकाळ उतारावरचे पावसाचे पाणी बांध घालून अडविले, ते जमिनीत मुरू दिले आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पिकवून खडीन नावाची शेती उभी केली; ज्यांनी अंगणातल्या टांक्यात पावसाचा थेंब थेंब साठविला; ज्यांनी गावोगावी देवाच्या नावाने ओरण राखून तेथल्या खेजडीवर कुऱ्हाड चालू दिली नाही, त्यांच्या लेखी या भूमीत रिकामे असे काही नव्हतेच. ओरण म्हणजे आमची देवराई आणि खेजडी म्हणजे आमची शमी. दसऱ्याला आम्ही तिची पूजा करतो. यांतील कित्येक ओरणांच्या पुढेही सरकारी दफ्तरात पडीक असा शेरा आहे असे वाचले, तेव्हा तो शेरा लिहिणारा माझा कोणी अनोळखी भाऊबंद माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. नमुना त्याने तयार केलेला नव्हता.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत, आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. रात्री दहा वाजता ध्वनिवर्धक बंद व्हावा, हे आधीच लिहिलेले आहे. ते सर्व मुक्कामांना एकाच वेळी लागू व्हावे, म्हणजे सालस व्यवस्थापकाला शेजाऱ्याचे भय राहणार नाही. त्याच घटकेला बाहेरचे दिवे मालवावेत, आणि पायवाटेपुरते जे लागतील त्यांना वरून झाकण असावे. आमच्या विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये तेथील अंधाराबद्दल देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. गावातील पथदिवे बदलून आकाश राखता येते आणि ते पाहावयास माणसेही येतात, हे तेथे सिद्ध झाले आहे, मग ज्या राज्याजवळ एवढे थोरले आकाश आहे त्याने मागे का राहावे? जीपगाड्यांना वाट आखून द्यावी, आणि काही टेकड्या केवळ पायी चालणाऱ्यांसाठी व उंटांसाठी राखाव्यात, म्हणजे उंटवाल्याचा धंदाही राहील आणि सकाळची रोजकीर्दही. मांगणियारांना रोज एक तास तरी ध्वनिक्षेपकाशिवाय गाऊ द्यावे, आणि त्या तासाचा मोबदला पावतीवर स्वतंत्र लिहावा. आणि माग वाचता येणाऱ्या उंटवाल्यांना पहाटेचे मार्गदर्शक म्हणून परवाने द्यावेत. ती विद्या त्यांच्याजवळ आहे, आणि आज तिच्याबद्दल त्यांना कोणी दमडी देत नाही.

हे सर्व केले तर लोक येणार नाहीत, असे कोणी आपल्याला सांगेल. काही येणार नाहीत, हे खरे आहे. नाचावयाचे ज्यांना आहे त्यांना पुण्यात आणि जयपुरात जागा पुष्कळ आहे, आणि त्यांच्या आनंदावर माझा आक्षेप नाही. परंतु वाळवंटाची रात्र पुण्यात मिळत नाही. आमच्या लोकांना माझे सांगणे एवढेच की, समला जाल तेव्हा पावतीवरच्या सर्व अनुक्रमांकांचा उपभोग घ्यावा, पण रात्री दहा वाजता व्यवस्थापकाकडे जाऊन आणखी एक तास मागण्याऐवजी आवाज बंद करावयास सांगणारे आपण पहिले असावे. मागणी आपली असते. तो फक्त पुरवठा करतो.

पुढील पौषात पुन्हा येण्याचा विचार आहे. त्या रात्री दहा वाजता अंधार व्हावा, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, सोलापूर

ता. क. कृत्तिकांच्या पुंजक्यात नातवाने त्या रात्री सात तारे मोजले. मला सहाच दिसले.